आरसी हेलिकॉप्टरची फायबरग्लास कॅनॉपी घरी कशी बनवायची

आरसी, म्हणजे रेडिओ रिमोटवर उडणारं छोटं हेलिकॉप्टर पडलं की सगळ्यात आधी त्याची कॅनॉपी, म्हणजे नाकावरचं पोकळ कवच, फुटते. ब्लेड, मेन शाफ्ट, टेल बूम हेही तुटतं-वाकतं, पण ते सुटं मिळतं आणि अर्ध्या दिवसात बदलून होतं. कॅनॉपीचं तसं नाही. एखादं मॉडेल बनायचं बंद झालं की बाजारातून पहिली नाहीशी होते ती त्याची कॅनॉपी. परदेशातून मागवावी, तर हलकी असली तरी आकाराने मोठी, म्हणून टपालखर्च जबर लागतो. माझं 450 मापाचं इलेक्ट्रिक हेलिकॉप्टर असंच चार महिने कपाटावर पडून होतं. शेपूट स्थिर धरणारा गायरो चांगला, बेअरिंगा नव्या, आणि पुढे नुसता उघडा सांगाडा. शेवटी साचा घडवायला बसलो. त्या साच्यातून आजवर नऊ कॅनॉप्या निघाल्या आहेत. ती सगळी कृती इथे क्रमाने देतो.

कॅनॉपीशिवायही हेलिकॉप्टर उडतं. पण वीस-पंचवीस मीटर लांब गेलं की नाक कुठे आणि शेपूट कुठे हे डोळ्याला कळेनासं होतं, आणि दिशा चुकली की पुढच्या सेकंदाला जमीन. कॅनॉपीचं खरं काम हे आहे. आतल्या बॅटरीला, स्पीड कंट्रोलरला आणि वायरिंगला आडोसा मिळतो तो वरचा फायदा.

कार्बन का नाही, असं नवीन मंडळी हमखास विचारतात. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे ते रेडिओलहरी अडवतं. 2.4 गिगाहर्ट्झचा रिसिव्हर त्या कवचाखाली झाकला गेला तर सिग्नल तुटू शकतो. काचेचं कापड लहरींना आडवं येत नाही, स्वस्त आहे आणि पडून फुटलं तर संध्याकाळी सांधताही येतं.

आधी वजनाचा हिशोब

कापड आणायला जाण्याआधी कागदावर एक हिशोब मांडा. 450 मापाच्या, म्हणजे 325 मिलिमीटर ब्लेडच्या हेलिकॉप्टरची कॅनॉपी साधारण 25 सेंटिमीटर लांब असते आणि तिचा सरासरी घेर 20 सेंटिमीटर धरला तर पृष्ठभाग 500 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 0.05 चौरस मीटर भरतो. काचेचं कापड दर चौरस मीटरला किती ग्रॅम यावर ओळखतात. बाहेर 50 ग्रॅमचा थर, मध्ये 100 चा, आत पुन्हा 50 चा, असे मिळून 200 ग्रॅम. त्याला 0.05 ने गुणलं की कापड झालं 10 ग्रॅम. हाताने नीट लावलेल्या कामात रेझिन, म्हणजे कापडात मुरून घट्ट होणारा चिकट द्रव, कापडाच्या वजनाइतकंच लागतं, फार तर थोडं जास्त, म्हणून 10 ते 12 ग्रॅम. दोन अर्धे भाग जोडायची पट्टी आणि रंग मिळून 8-9. एकूण तीस ग्रॅमच्या आसपास.

आता हेच 200 ग्रॅमच्या जाड कापडाचे दोन थर घेऊन वर रेझिन भरपूर ओतलं तर सहज साठ ग्रॅम होतात. सगळं मिळून आठशे ग्रॅमच्या यंत्रात नाकावर तीस ग्रॅम जादा म्हणजे बॅटरी मागे सरकवावी लागते, आणि ती सरकायला जागा नसते. ताकद कापडाच्या धाग्यांत असते. रेझिनने त्या धाग्यांना जागेवर धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. जादा रेझिन म्हणजे नुसतं वजन, आणि ठिसूळपणाही. पुढच्या सगळ्या कामात हे डोक्यात राहू द्या.

सामान

फायबरचं काम करणारे लोक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. टाक्या, बंपर, सजावटीच्या कमानी बनवणारे हेच ते. त्यांना विचारलं की कच्चा माल कुठून आणतात ते कळतं. दुकानात जाड कापड आणि मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चादर) लगेच मिळते. 50 ग्रॅमचं तलम कापड मात्र बहुतेक वेळा मागवून घ्यावं लागतं, किंवा मॉडेल विमानांचं सामान विकणाऱ्यांकडून आणावं लागतं. त्यासाठी थांबा. जाड कापडावर भागवायला गेलात तर वरचा हिशोब कोसळलाच म्हणून समजा.

रेझिन दोन प्रकारचं लागेल. साच्यासाठी पॉलिएस्टर, कारण ते स्वस्त आहे आणि साच्याला भरपूर लागतं. कॅनॉपीसाठी इपॉक्सी, कारण ते जास्त चिवट, आकसतं कमी, आणि घरात त्याचा वासही बेताचा. आपल्याकडे एलवाय 556 हे रेझिन आणि एचवाय 951 हे हार्डनर ही जोडी सर्रास वापरतात. वजनाने 100 ला 10 हे त्याचं प्रमाण. दुसरं कुठलं घेतलंत तर डब्यावरचं प्रमाणच पाळा. इपॉक्सीत हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, उलट कायमचं मऊ राहतं.

म्हणूनच सोनारकाट्यासारखा, एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा हवा. 10 ग्रॅम रेझिनला 1 ग्रॅम हार्डनर लागतं. त्यात 0.2 ग्रॅमची चूक म्हणजे वीस टक्क्यांची चूक झाली. एका वेळी 20 ग्रॅमच्या खाली रेझिन कधीच कालवू नका, थोडं वाया गेलं तरी चालेल.

बाकी सामान असं: 3 मिलिमीटर प्लाय, कोल्ड स्टोरेजच्या इन्सुलेशनला लावतात ते गुलाबी किंवा निळं घट्ट फोमशीट, सनमायका लावलेला प्लायचा तुकडा, 80 पासून 2000 पर्यंतचे पॉलिश पेपर, मोटारीची बॉडी पुट्टी, प्रायमर, मेणाचं पॉलिश, पीव्हीए, एरोसिल नावाची हलकी सिलिका पूड, अर्धा आणि एक इंची स्वस्त ब्रश, नायट्राइल हातमोजे, मुलांची मेणमाती आणि टिश्यू पेपरचे दोन रोल. पीव्हीए मागताना नीट सांगा. लाकूड चिकटवायचा पांढरा गोंदही त्याच आद्याक्षरांनी ओळखला जातो, पण तो पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. आपल्याला हवं ते पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, साच्यातून वस्तू सुटावी म्हणून लावायचं. गोंद लावला तर साचा आणि कॅनॉपी जन्माचे एक होतील. मेणाच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन नसावं. सिलिकॉन असलं की पीव्हीए पसरत नाही, थेंब थेंब होऊन बसतं, आणि पुढे रंगातही खड्डे पडतात.

जिवाची काळजी

पॉलिएस्टरला तीन गोष्टी लागतात: रेझिन, वेग वाढवणारं कोबाल्टचं एक्सिलरेटर आणि रेझिन घट्ट करणारं कॅटॅलिस्ट. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट हे दोन कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच कॅटॅलिस्ट. दोघांसाठी मोजायची भांडी वेगळी, ठेवायची जागाही वेगळी. शक्य असेल तर कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागून घ्या म्हणजे हा प्रश्नच मिटतो. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून ते ओतताना गॉगल हवाच. गेलाच तर ताबडतोब डोळा पाण्याखाली धरून पंधरा-वीस मिनिटं धुवायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा.

इपॉक्सीचा त्रास वेगळा आहे. पहिल्या दहा वेळा हाताला लागून काही होत नाही, आणि अकराव्या वेळी अंगावर पुरळ उठतं. एकदा ॲलर्जी जडली की ती आयुष्यभर राहते आणि छंद सोडायची पाळी येते. हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला. हाताला लागलेलं रेझिन थिनरने पुसू नका, त्याने ते कातडीत अजून मुरतं. साबणाने धुवा. घासकाम होता होईल तो पाण्याने ओलं करूनच करा. कोरडं घासायची वेळ आली तर चांगला मास्क लावा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आणि तो घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. काचेची कुसं सगळ्यांच्या कपड्यांत जातात.

पॅटर्न: सगळा वेळ इथे घाला

साचा ज्या मूळ वस्तूवरून काढायचा तिला कोल्हापूरच्या फाउंड्रीवाले पॅटर्न म्हणतात, आपणही तेच म्हणू. मला विचाराल तर एकूण कष्टांतले तीन चतुर्थांश इथेच जायला हवेत. पॅटर्नवर राहिलेला प्रत्येक ओरखडा साच्यात उतरतो, आणि साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक कॅनॉपीवर पुन्हा भेटतो.

जुनी कॅनॉपी शाबूत किंवा सांधता येण्याजोगी असेल तर तीच पॅटर्न म्हणून वापरता येते. आतून प्लायचे आडवे आधार चिकटवून ती ताठ करायची, चिरा पुट्टीने भरायच्या आणि गुळगुळीत करायची. स्वतःच्या यंत्रासाठी हे ठीक आहे. दुसऱ्याच्या डिझाइनची नक्कल करून विकायला बसू नये.

माझ्याकडे तसं काही उरलं नव्हतं म्हणून पॅटर्न मुळापासून केला. त्याची रीत अशी. हेलिकॉप्टर टेबलावर आडवं ठेवून बाजूने फोटो घ्या. लांबून, झूम करून घेतलात तर आकार वेडावाकडा येत नाही. तो खऱ्या मापात छापा आणि त्यावर कॅनॉपीची बाजूची रेघ काढा. ही रेघ काढताना स्वॉशप्लेट (ब्लेडचा कोन बदलणारी तबकडी), सर्व्होचे (तिला हलवणाऱ्या छोट्या मोटरींचे) हात आणि लिंक्स (जोडदांड्या) जिथपर्यंत जास्तीत जास्त येतात तिथून किमान 5 मिलिमीटर जागा सुटली पाहिजे. बॅटरी पुढे-मागे सरकवायलाही जागा ठेवा. बॅटरीचा कनेक्टर विसरू नका, तो नेहमी वाटतो त्यापेक्षा जास्त जागा खातो.

ही बाजूची आकृती प्लायमध्ये कापा. हा झाला पॅटर्नचा कणा. त्याला काटकोनात आडव्या छेदांच्या प्लायच्या पट्ट्या दर 4-5 सेंटिमीटरला बसवा, नाकाकडे अंतर कमी करा. मधल्या खणांत फोमचे ठोकळे इपॉक्सीने चिकटवा. आता फोम प्लायच्या कडेपर्यंत घासत आणायचा. पेपर हातात धरून घासायचं नाही. लाकडी ठोकळ्याला किंवा लवचीक पट्टीला पेपर चिकटवून, दोन-तीन छेदांवर एकदम टेकेल असा फिरवायचा. हाताने घासलं की बोटांखाली खड्डे पडतात, ते दिसत नाहीत, पण रंग चढल्यावर उठून दिसतात.

इथे माझ्या हातून एक चूक झाली होती. फोमचे दोन खड्डे भरायला मी घाईत मोटारीची बॉडी पुट्टी थेट लावली. पुट्टी पॉलिएस्टरची असते, तिच्यातल्या स्टायरीनने फोम विरघळायला लागला आणि सकाळी पाहिलं तर नाकाच्या डाव्या बाजूला लिंबाएवढं भगदाड. तो अख्खा खण कापून पुन्हा बसवावा लागला. फोमला आधी इपॉक्सीने 100 ग्रॅमच्या कापडाचे दोन थर लावून पूर्ण बंद करा. ते वाळल्यावर पुट्टी, प्रायमर, काय हवं ते चालतं.

नंतर पुट्टी आणि घासणं, पुन्हा पुट्टी आणि घासणं. 120, 220, 400. राखाडी प्रायमर मारल्यावर त्यावर लांबून काळ्या स्प्रेची अगदी विरळ फवार मारा आणि ठोकळ्याने ओलं घासा. उंचवट्यावरचा काळा लगेच जातो, खड्ड्यातला तसाच राहतो. कुठे भरायचं ते पॅटर्न स्वतःच दाखवतो. शेवटी टू-के रंगाचे (हार्डनर मिसळून मारायचा रंग) दोन हात मारून 800, 1000, 1500, 2000 आणि रबिंग कंपाउंड. रात्री ट्यूबलाइटखाली पॅटर्न हळूहळू फिरवून पाहा. ट्यूबची पांढरी रेघ पृष्ठभागावरून सरळ वाहत गेली पाहिजे. जिथे ती थरथरते तिथे अजून उंचवटा आहे.

एक आकाराची गोष्ट. साचा दोन भागांत, डावा-उजवा, मधल्या रेषेवर उघडणार आहे. प्रत्येक अर्धा भाग बाजूला सरळ ओढून निघाला पाहिजे. आत वळलेली कड, खोल खाच असं काही ठेवू नका. पेणच्या मूर्तिकारांना हात-सोंडेमुळे साच्याचे जास्त तुकडे करावे लागतात, आपल्याला ती वेळ आणायची नाही.

साचा

सनमायका लावलेल्या प्लायमध्ये पॅटर्नच्या बाजूच्या आकाराचं भोक कापा आणि पॅटर्न त्यात बरोबर अर्ध्यापर्यंत आडवा बसवा. खालून ठोकळ्यांचा आधार द्या. भोवती उरलेली फट मेणमातीने भरून आइस्क्रीमच्या काडीने काटकोनात साफ करा. ही रेघ जितकी धारदार, तितका पुढे सांधा बारीक. सगळ्या बाजूंनी साडेतीन-चार सेंटिमीटरचा सपाट काठ सोडा, हीच साच्याची फ्लँज. तिच्यावर चार-पाच ठिकाणी अर्धे मणी मेणमातीने चिकटवा, म्हणजे दोन भाग पुढे दरवेळी एकाच जागी बसतील.

मग मेण. पाच ते सहा हात, प्रत्येक हात वाळू देऊन मऊ फडक्याने चमकेपर्यंत पुसायचा, आणि दोन-दोन हातांमध्ये तासभर थांबायचं. नाकाच्या टोकाला आणि फ्लँजच्या कोपऱ्यात जास्त लक्ष द्या, माझा पहिला साचा नेमका तिथेच चिकटला होता. मेणावर पीव्हीए स्पंजच्या तुकड्याने अगदी पातळ पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ लागतो, घाई करू नका.

पहिला थर जेलकोटचा, म्हणजे साच्याचा गुळगुळीत पृष्ठभाग बनणाऱ्या घट्ट पॉलिएस्टर रेझिनचा. रंगीत घ्या, आणि कॅनॉपीच्या रंगाहून वेगळा, म्हणजे पुढे काम करताना कुठे झाकलं आणि कुठे उघडं ते दिसतं. कॅटॅलिस्ट दीड-दोन टक्के. थर अर्धा मिलिमीटर तरी हवा. तो पातळ राहिला तर वरून येणाऱ्या रेझिनमधलं स्टायरीन त्याला मऊ करतं आणि मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. त्यावर इलाज नाही, साचा पुन्हाच करावा लागतो. जेलकोटला बोट टेकवलं तर चिकट लागलं पाहिजे पण बोटाला रंग येता कामा नये. ती वेळ आली की पुढचा थर.

कोपऱ्यांत आधी रेझिनमध्ये एरोसिल कालवून केलेली लापशी भरा, कारण मॅट काटकोनात वळत नाही आणि तिथे हवा अडकते. मग एक थर तलम कापड, त्यावर मॅटचे दोन थर, ब्रश टोचत टोचत. इथे थांबा. सगळे थर एका दमात लावले तर पॉलिएस्टर तापतं आणि आकसून साचा वाकडा होतो. दुसऱ्या दिवशी आणखी दोन थर. जाडी 3 मिलिमीटरच्या आसपास आली की पुरे. फ्लँजला एक थर जास्त.

एक बाजू झाली की सगळं उलटं करा आणि सनमायकाचा प्लाय काढा, पण पॅटर्न पहिल्या भागातून हलवू नका. मेणमाती पूर्ण साफ करा. आता पॅटर्न आणि पहिल्या भागाची फ्लँज दोन्हींवर पुन्हा मेण आणि पीव्हीए, आणि दुसरी बाजू तशीच. ती वाळल्यावर, वेगळं करण्याआधी, दोन्ही फ्लँजमधून एकदमच 6 मिलिमीटरची भोकं पाडून घ्या. नट-बोल्ट तिथे बसणार आहेत.

उघडताना लोखंडी स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही. लाकडी पाचरी किंवा आइस्क्रीमच्या काड्या फटीत घाला आणि पाणी ओता. पीव्हीए पाण्यात विरघळतं, पाणी आत शिरलं की 'टक्' असा आवाज येतो आणि फट रुंदावते. दोन-तीन दिवस साचा तसाच राहू द्या, मग पाण्याने धुऊन 1500 च्या पेपरने बारीकसारीक दोष काढून कंपाउंडने चमकवा.

कॅनॉपी

नव्या साच्याला पुन्हा पाच हात मेण आणि पीव्हीए. कापड कापायची एक युक्ती आहे: कापायच्या रेघेवर मास्किंग टेप लावा आणि टेपच्या मधोमध कात्री चालवा, धागे सुटत नाहीत. नाकाकडचा तुकडा कापडाच्या धाग्यांना 45 अंशांत तिरका कापा. सरळ कापलेलं कापड गोलाईवर चुणी घालतं, तिरकं कापलेलं ताणून बसतं. सगळे तुकडे कापून, क्रमाने कागदावर मांडून ठेवल्याशिवाय रेझिनला हात लावू नका.

एलवाय 556 घट्ट असतं. कालवण्याआधी रेझिनचा डबा कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवला की पातळ होतं आणि कापडात नीट मुरतं. कालवताना दोन मिनिटं पूर्ण, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. कालवलं की लगेच पसरट ताटलीत ओता. उभ्या कपात ते स्वतःच्या उष्णतेने तापत जातं, कधी धूर येईपर्यंत, आणि कप हाताला गरम लागेपर्यंत काम करायचं रेझिन हातचं गेलेलं असतं. ताटलीत साधारण अर्धा तास मिळतो, मे महिन्यात त्याहून कमी.

पहिल्यांदा साच्यात पांढरं पिगमेंट आणि थोडं एरोसिल घातलेलं इपॉक्सी पातळ फिरवा. खालचा जेलकोट किंचित दिसेल इतकंच. ते चिकट झालं की 50 ग्रॅमचं कापड टाका. ब्रशचे केस कात्रीने अर्धे कापून आखूड करून ठेवा, कारण आपल्याला ब्रश ओढायचा नाही, टोचायचा आहे. मधून सुरुवात करून काठाकडे जा. रेझिन आधी खाली थोडं लावा आणि कापड वरून टेकवा, म्हणजे ते खालून वर झिरपतं आणि हवा बाहेर पडते. भिजलेलं कापड जवळजवळ पारदर्शक होतं. जिथे पांढुरका ठिपका दिसतो तिथे हवा आहे, तिथे टोचा. मग 100 चा थर, मग 50 चा. तिसऱ्या थराला नवीन रेझिन जवळजवळ लागतच नाही, खालच्याने तो भिजतो.

आता टिश्यू पेपर. अख्खा रोल हातात धरून ओल्या कापडावर हलकेच लोळवा. तो जादा रेझिन पिऊन घेतो. भिजलेला भाग फाडून टाका, पुन्हा लोळवा. पृष्ठभागाची चकाकी जाऊन कापडाची वीण दिसायला लागली की थांबा. माझ्या पहिल्या कॅनॉपीत असं पुसून काढलेलं रेझिन टिश्यूसकट काट्यावर टाकलं तर टिश्यूचं वजन सोडून 7 ग्रॅम भरलं.

सहा-आठ तासांनी, हवेच्या उष्णतेप्रमाणे, एक वेळ अशी येते की काम घट्ट झालेलं असतं पण चामड्यासारखं लवचीक. त्या वेळी फ्लँजबरोबर धारदार ब्लेड टेकवून काठ कापा, लोण्यासारखा कापला जातो. ही वेळ चुकवलीत तर दुसऱ्या दिवशी करवत आणि धूळ.

दोन्ही भाग साच्यातच ठेवून साचा बोल्टांनी आवळा. आतून सांध्यावर 2 सेंटिमीटर रुंदीची 100 ग्रॅम कापडाची पट्टी लावायची आहे. सांध्याच्या फटीत आधी एरोसिलची लापशी बोटाने भरा, मग पट्टी. मागच्या तोंडातून हात नाकापर्यंत पोचत नाही, म्हणून ब्रश काठीला तिरका बांधा. पट्टी रेझिनने भिजवून बाटलीवर गुंडाळून आत नेऊन उलगडली तर चिकटाचिकटी होत नाही. एक दिवसापेक्षा जास्त मध्ये गेला असेल तर चिकटवायची जागा आधी कोमट पाणी आणि घासणीने धुवा आणि पेपरने खरखरीत करा. इपॉक्सीवर दमट हवेत मेणचट थर येतो आणि त्यावर काहीच धरत नाही. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे नेहमीचंच. खोकं करून त्यात 60 वॉटचा दिवा लावून साचा ठेवला की ओल आणि थंडी दोन्हींवर उपाय होतो. पुण्या-नाशकाच्या डिसेंबरच्या रात्री तर या खोक्याशिवाय काम करूच नये.

पूर्ण एक दिवस गेल्यावरही लगेच काढू नका. साचा बंद असतानाच काळ्या कापडाखाली दुपारच्या उन्हात तीन-चार तास ठेवा. नुसत्या खोलीच्या हवेत घट्ट झालेलं इपॉक्सी उन्हात पुन्हा मऊ पडतं. असं न शेकलेली गडद रंगाची कॅनॉपी गाडीच्या मागच्या काचेखाली राहिली तर तिचा आकार बिघडतो.

बसवणं आणि रंग

साच्यातून काढल्यावर पाण्याने धुवा, सांध्याची बारीक रेघ 400 ने काढा. मागचं तोंड आणि खालचा भाग थोडा थोडा कापत यंत्रावर बसवून पाहा. कापलेलं परत येत नाही.

कॅनॉपी धरणाऱ्या खुंट्यांसाठी भोकं नेमकी कुठे पाडायची, यावर माझ्या आईने सुचवलेला उपाय आजवर चुकला नाही. खुंट्यांच्या टोकाला ओलं कुंकू लावा, कॅनॉपी जागेवर धरा आणि दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. आतल्या बाजूला लाल ठिपके उमटतात. तिथे आधी नखाएवढ्या दोन गोल चकत्या कापडाच्या लावून जागा बळकट करा, मग 2 मिलिमीटरचं भोक, आणि गोल कानशीने वाढवत रबरी ग्रोमेटच्या (भोकाच्या काठावर बसणाऱ्या कडीच्या) मापापर्यंत. भोक मोठं झालं की ग्रोमेट निसटतो आणि उडताना कॅनॉपी सुटते.

स्पीड कंट्रोलरला हवा लागते. पुढे एक छोटं तोंड, आणि मागे हवा बाहेर जायला त्याहून मोठं. विदर्भात उन्हाळ्यात उडवणाऱ्यांनी यात काटकसर करू नये.

रंगाबद्दल थोडकंच सांगतो: दोन विरोधी रंग, मोठे पट्टे. ढगाळ आभाळाखाली राखाडी, पांढरा, फिका निळा हे दिसतच नाहीत. झळझळीत नारिंगी किंवा पोपटी, त्यावर काळा. डावी-उजवी बाजू थोडी वेगळी केलीत तर वळणात ओळख पटते. रंगाचे हात पातळ ठेवा, रंगालाही वजन असतं. नायट्रो इंजिनाचं यंत्र असेल तर वर टू-के क्लिअर हवाच, त्या इंधनाने साधा स्प्रे निघून येतो.

पहिल्या उड्डाणाआधी मोटरच्या वायरी काढून, कॅनॉपी चढवून, रिमोटची स्टिक चारही कोपऱ्यांत आणि कलेक्टिव्ह (सगळ्या ब्लेडचा कोन एकदम बदलणारी स्टिक) वर-खाली पूर्ण फिरवा, आणि मागच्या तोंडातून टॉर्च मारून पाहा. कुठेही काही घासता कामा नये. बॅटरीसह गुरुत्वमध्य पुन्हा तपासा. पहिलं उड्डाण दोन मिनिटांच्या हॉवरचं, म्हणजे जागच्या जागी तरंगण्याचं. उतरवून कॅनॉपी काढा, आतल्या बाजूला चकाकलेली किंवा काळपटलेली रेघ शोधा. ती दिसली तर तिथे यंत्र टेकतंय. तेवढं घासून काढा किंवा जागा वाढवा, कारण तीच थरथर फ्रेममधून गायरोपर्यंत पोचते आणि शेपूट विनाकारण हलायला लागतं.

साचा धुऊन, एक हात मेण लावून, दोन्ही भाग बोल्टांनी सैलसर जोडून उभा ठेवा. आडवा ठेवून वर सामान रचलं तर महिन्याभरात वाकतो. प्रत्येक कॅनॉपीचं वजन, थर, हवा कशी होती, किती तासांनी कापली, हे एका वहीत टिपत जा. माझ्या वहीत पहिलीचं वजन 41 ग्रॅम आहे, चौथीचं 33, आणि नववीचं रंगासकट 28.